साडेतीन ग्रॅमचा करंडा

वाचक विचारतात :

“माझ्या सासऱ्यांचं वय ६१. घरची केळीची शेती आहे. फेब्रुवारीत त्यांना रात्री आडवं झालं की दम लागायला लागला, पायांवर सूज आली. जळगावला पाच दिवस ॲडमिट होते. हृदयाची पंपिंग ३० टक्के आहे असं सांगितलं. फाइलवर ‘सोडियम रोज २ ग्रॅमच्या आत’ असं लिहिलंय, म्हणून मी दिवसभरात मोजून २ ग्रॅम मीठ वापरते. तीन आठवडे झाले, वजन चार किलोंनी उतरलंय. नाना दोन घास खातात आणि ताट सारतात. ‘अळणी खाऊन जगण्यात काय राम आहे,’ म्हणतात. सासूबाईंना बघवत नाही, त्या माझ्या नकळत वरून चिमूट टाकतात. शेजारी म्हणतात सैंधव चालतं. मेडिकलवाल्यांनी ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट दिलंय. घरची केळी नाना रोज दोन-तीन खातात. दोन वेळा दोन स्वयंपाक करून मीही थकले. आता पापड-कुरडयांचे दिवस आलेत आणि वैशाखात घरातलं लग्न आहे. कसं करू?”
— एक सून, यावल तालुका

ताई,

आधी फाइलवरची ती ओळ पुन्हा वाचा. तिथे सोडियम लिहिलंय, मीठ नाही. मिठात सोडियम असतं साधारण ४० टक्के, बाकीचं क्लोराइड. म्हणजे २ ग्रॅम सोडियम होतं ते ५ ग्रॅम मिठात. तुम्ही २ ग्रॅम मीठ देताय, म्हणजे जेमतेम ०.८ ग्रॅम सोडियम. डॉक्टरांनी आखलेल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. नाना हट्टी आहेत म्हणून ताट सारत नाहीत. त्या ताटात खरंच चव उरलेली नाही.

ही गफलत फार घरांत होते आणि तुमच्याकडून ती काळजीपोटी झाली आहे. पण काही डॉक्टर खरोखरच ‘मीठ २ ग्रॅम’ असंही सांगतात. म्हणून आज-उद्या फोन करून एवढंच विचारा : “मर्यादा २ ग्रॅम सोडियमची की २ ग्रॅम मिठाची?” त्याच फोनवर रक्ताच्या शेवटच्या रिपोर्टमधले सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं) हे तीन आकडे विचारून लिहून घ्या. पुढे केळ्यांचा आणि त्या पाकिटाचा निर्णय त्याच आकड्यांवर करायचा आहे. फोन होईपर्यंत मिठाचं प्रमाण वाढवू नका. खाली लिहिलेलं सगळं मर्यादा २ ग्रॅम सोडियमचीच आहे असं धरून लिहिलं आहे.

मीठ जितकं कमी तितकं चांगलं, असं मनात असेल तर तेही काढून टाका. हृदय कमजोर झालेल्या ८०६ रुग्णांवर सहा देशांत झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. त्यात एका गटाला रोज १.५ ग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला सांगितलं होतं, दुसऱ्या गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला. रोजचा त्रास थोडा कमी झाला, पण दवाखान्यात भरती होणं आणि मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही. म्हणून मर्यादा पाळायची, पण तिच्याखाली शर्यत लावायची नाही. लघवीच्या गोळ्या चालू, जेवणात मीठ नाही आणि त्यात जेवणच तुटलेलं, असं झालं की उठताना चक्कर येते, बीपी उतरतं, अंगात त्राण राहत नाही. बरं होत असलेल्या माणसाला हे परवडत नाही.

चार किलो वजन उतरलं त्याने घाबरू नका. त्यातलं बरंचसं साठलेलं पाणी असणार, ते जायलाच हवं होतं. पण सूज पूर्ण उतरल्यावरही वजन घटतच राहिलं तर ते अंगाचं मांस जातंय असं समजा आणि डॉक्टरांना सांगा.

आता हिशोब. दिवसाला सोडियम २००० मिलिग्रॅम. दूध, डाळी, भाज्या, पिण्याचं पाणी यांत मुळातच थोडं सोडियम असतं. अर्धा लिटर दुधात २०० ते २५० मिलिग्रॅम, एका अंड्यात ७०च्या आसपास. दिवसाचं असं ४०० धरा. उरले १६००, म्हणजे ४ ग्रॅम मीठ. अंदाज चुकतात, म्हणून अर्धा ग्रॅम हातचा ठेवा. नानांच्या वाट्याला दिवसाचं ३.५ ग्रॅम मीठ येतं. मात्र पापड, लोणचं, फरसाण, बेकरीचं काही ताटात आलं नाही तरच हा हिशोब बसतो. ते आलं की इथूनच वजा होणार.

हे साडेतीन ग्रॅम चमच्याने मोजू नका. आपल्या घरातला प्रत्येक चमचा वेगळ्या मापाचा असतो. गावातल्या सोनाराकडे जाऊन साडेतीन ग्रॅम बारीक आयोडिनयुक्त मीठ तोलून घ्या आणि ते कुंकवाच्या एखाद्या जुन्या, स्वच्छ करंड्यात ओता. हलवून सपाट करा आणि वरची पातळी जिथे आली तिथे आतून खूण करा. झालं तुमचं माप. सोनाराकडे जाणं जमणार नसेल तर सिरपच्या बाटलीवरचं खुणांचं झाकण घ्या : २.५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत सपाट भरलेलं बारीक मीठ साधारण ३ ग्रॅम भरतं. जाड्या मिठाला हे माप चालत नाही. खड्यांच्या मधे पोकळी राहते आणि मीठ कधी कमी, कधी जास्त पडतं.

हा करंडा रोज सकाळी सासूबाईंनी भरायचा. ताई, आमच्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोठा प्रश्न हाच आहे. त्यांच्या मायेला हातात काहीच काम दिलेलं नाही, म्हणून ती चोरून चिमूट होऊन ताटात पडते. त्यांना सांगा, “आई, नानांचं मीठ आता तुमच्या हातात. यातलं सगळं वाढायचं, याबाहेरचं काही नाही.” सोनाराकडे जाल तेव्हा त्यांनाही घेऊन जा. त्यांच्या दहा चिमटी काट्यावर टाकून बघा आणि दहाने भागा. त्यांची एक चिमूट किती भरते ते कळेल. चिमूट अर्ध्या ग्रॅमची निघाली तर दिवसाच्या सात चिमटी. हा आकडा त्या विसरणार नाहीत. दुपारच्या जेवणाला दीड ग्रॅम, रात्रीला सव्वा, उरलेलं पाऊण सकाळच्या पोह्यांना किंवा उपम्याला, अशी वाटणी बहुतेकांना जमते.

आता हे मीठ टाकायचं कुठे, ते नीट बघा. पिठात, भातात किंवा शिजताना भाजीत पडलेलं मीठ फोडीच्या आत मुरतं. जीभ फक्त वरच्या थराला लागते. म्हणून शिजताना घातलेलं दीड ग्रॅम अळणी वाटतं आणि तेवढंच शेवटी वरून भुरभुरलेलं पुरेसं वाटतं. मीठ जिभेला लागेल तिथे ठेवायचं आणि नुसतं पोटात जाणार तिथून काढायचं. भाकरी, पोळी, भात, वरणाची शिजवलेली डाळ हे सगळं बिनमिठाचं. भाजी, ठेचा, कोशिंबीर यांवर मीठ, तेही ताट वाढताना.

यातून तुमचा दुसरा स्वयंपाकही सुटतो. फोडणी, मसाला, भाजी सगळं एकाच कढईत, मीठ न घालता शिजवा. भाजी उतरवण्याआधी नानांची वाटी काढून घ्या, बाकीच्यांचं मीठ मग कढईत घाला आणि एक उकळी द्या. नानांच्या वाटीत करंड्यातलं मीठ वाढताना. कढईतलं मीठही दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत न्या. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच मीठ सांगते, तेव्हा घरातल्या कुणाचंच यात नुकसान नाही.

एक जागा खास तपासा. तुमच्याकडे कळण्याची भाकरी होत असणार. कळण्याचं दळण देताना पुष्कळ घरांत ज्वारी-उडदासोबत जाडं मीठही घालतात. समजा किलोला २० ग्रॅम घातलं, तर १०० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत २ ग्रॅम मीठ आलं. नानांनी दुपारी एक आणि रात्री एक खाल्ली की दिवसाचा करंडा संपून वर अर्धा ग्रॅम जास्त झालं, आणि भाजीवर अजून मीठ पडायचंच आहे. तुम्ही दोन ग्रॅम मोजताय आणि डब्यातल्या पिठात किती आहे ते कुणी मोजलेलंच नाही, असं झालं नसेल ना, ते आजच बघा. पुढचं दळण मिठाशिवाय द्या, ज्यांना हवं ते मळताना घालतील. उडीद मात्र ठेवा. त्याच्या प्रथिनांची नानांना गरज आहे.

असाच लपलेला दुसरा खार म्हणजे सोडा. खायच्या सोड्याच्या एका लहान चमच्यात १२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं आणि ते खारट लागत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बट्टी, भजी, ढोकळा, शेव, बेकरीतली खारी आणि टोस्ट यांत तो असतो. चहाबरोबर नानांना काही लागत असेल तर घरच्या ज्वारीच्या लाह्या किंवा बिनमिठाचे फुटाणे द्या. जेवण पचलं नाही म्हणून इनोसारखं फसफसणारं चूर्ण घेतलं तर एका पुडीतून ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, दिवसाच्या मर्यादेचा मोठा हिस्सा. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांचंही तसंच. गुडघा-कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. महिनाभर जपलेलं पथ्य चार दिवसांत पाण्यात जातं, तेही शब्दशः.

सैंधव, पादेलोण, समुद्री मीठ, जाडं मीठ ही सगळी मूळची सोडियम क्लोराइडच. सैंधवाचा रंग गुलाबी असला तरी सोडियम जवळपास तेवढंच भरतं. सैंधव म्हणून हात सैल सुटतो, म्हणजे उलट जास्तच जातं. चाट मसाल्यातही मीठच जास्त असतं, तोही नको.

मेडिकलमधून आलेलं पाकीट मात्र आजच बाजूला ठेवा. ‘लो सोडियम’ मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते उपयोगाचं ठरू शकतं. पण पंपिंग कमी असलेल्यांना बहुधा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही गोळ्या चालू असतात आणि या गोळ्या पोटॅशियम शरीरात अडवून ठेवतात. मूत्रपिंडही थकलेलं असेल तर रक्तातलं पोटॅशियम गुपचूप वाढत जातं. ते फार वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, आणि त्याआधी काही लक्षण जाणवेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यातही मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटॅशियम बाहेर टाकण्याची अडचण असलेल्यांना ही शिफारस लागू नाही असं स्पष्ट केलं आहे. नानांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगून त्यांनी लेखी ‘चालेल’ म्हटलं तरच ते पाकीट उघडायचं.

केळ्याचंही गणित तेच. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. घरच्या बागेतलं केळं बंद करा असं सांगणं जिवावर येतं, आणि सरसकट बंद करायची गरजही नाही. पोटॅशियम ४.५च्या आत असेल तर दिवसाला एक केळं बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. ५च्या वर असेल तर पुढचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवा. मधल्या आकड्याचा निर्णय डॉक्टरांचा. रोज दोन-तीन मात्र आकडा हातात येईपर्यंत नकोत. नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं. आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन येतो, ती घरातल्या मुलांना द्या.

आता ताटाकडे येऊ. खान्देशी जेवणाची जमेची बाजू अशी की त्याची चव मिठावर कमी आणि भाजण्यावर जास्त उभी आहे. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, करपवलेला कांदा, लसूण, तीळ, जाळावरचं वांगं. जिभेला मिठाची उणीव भासू न देणाऱ्या गोष्टी तीनच : भाजल्याचा वास, आंबटपणा आणि तिखट. तिन्ही आपल्याकडे मुबलक आहेत. फक्त मसाला घरचा हवा. विकतच्या काही मसाल्यांत आणि आलं-लसणाच्या तयार पेस्टमध्ये मीठ असतं. पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियमचा आकडा छापलेला असतो : १२०च्या आत असेल तर कमी, ६००च्या वर असेल तर ती वस्तू नानांची नाही.

ठेचा. मिरची कुटताना जाडं मीठ चवीपेक्षा कुटायच्या सोयीसाठी पडतं. खडे मिरचीला फाडतात आणि ती घसरत नाही. हे काम भाजलेले शेंगदाणे आणि जिरं करतात. १० हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या १२ पाकळ्या थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परता. खलबत्त्यात आधी एक लहान चमचा जिरं आणि दोन मोठे चमचे शेंगदाणे भरडा, त्यावर मिरच्या-लसूण घालून ठेचा, वरून अर्धं लिंबू पिळा. मीठ सगळ्याला मिळून १ ग्रॅम. चार वेळा पुरतो, म्हणजे प्रत्येक वेळी पाव ग्रॅम. तेवढ्या एका बोटभर ठेच्यावर बिनमिठाची भाकरी आणि बिनमिठाचं वरण दोन्ही निभावतात. तिखटाने जळजळ होत असेल तर मिरच्या निम्म्या करा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसूण वाढवू नका, आणि ठेचा रिकाम्या पोटी नको.

भरीत याहून सोपं. वांगं कपाशीच्या काड्यांवर किंवा थेट गॅसच्या जाळावर साल पूर्ण काळी होऊन देठाजवळ मऊ लागेपर्यंत भाजा. अर्धवट भाजलं की वास येत नाही आणि मग मीठच वाढवावं लागतं. सोलल्यावर धुऊ नका, धूर वाहून जातो. ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, भरपूर कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे. नानांच्या वाटीला पाऊण ग्रॅम मीठ वरून, आणि ते फार कालवायचं नाही.

शेवभाजी तोडायची नाही, शेव बदलायची. विकतच्या शेवेत मीठ आणि खार दोन्ही असतात आणि ती मीठ घातलेल्या रश्शात पडते. घरी पाव किलो बेसनाला एक चमचा ओवा, तिखट, वाटून गाळलेलं लसणाचं पाणी आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मीठ नाही, सोडा नाही. सोडा नसला की शेव कडक होते अशी तक्रार येते, पण त्याचं कारण बहुतेक वेळा घट्ट पीठ आणि कमी मोहन हे असतं. पीठ सैल ठेवा, आच मध्यम. थोडी कडक झालीच तरी रश्शात पाच मिनिटांत मऊ पडते. रस्सा नेहमीसारखा काळ्या मसाल्याचा, तवंगाचं तेल मात्र बेताचं, आणि नानांच्या वाटीत एक ग्रॅम मीठ. त्या जेवणाचं बाकी काही खारट नको. आठवड्यातून एकदा एवढं खुशाल करा. पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर रस्सा, वरण, चहा, ताक सगळं त्या मापात धरायचं असतं, हे विसरू नका.

लोणच्याची गोष्ट वेगळी. त्यात मीठ चवीसाठी नसतं, टिकण्यासाठी असतं. शंभर ग्रॅम कैरीच्या लोणच्यात १२ ते १५ ग्रॅम मीठ धरलं तर १० ग्रॅमची एक फोड खारासकट सव्वा-दीड ग्रॅम मीठ घेऊन येते. कमी मिठाचं लोणचं भरून बरणीत ठेवायला जाऊ नका, बुरशी धरेल. त्याऐवजी ताजं करा : एक कैरी किसून, अर्धा चमचा मोहरीची डाळ, भाजलेल्या मेथीची चिमूटभर पूड, हळद, तिखट, वरून गार केलेली हिंगाची फोडणी. मीठ अर्धा ग्रॅम. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. कांदा किसून घातला की तक्कू झाला. ताक गोडसर लावू नका, थोडं आंबट होऊ द्या आणि जिरेपूड घाला. आंबट ताकाला मीठ फार लागत नाही. अंबाडीची भाजी आंबटच असते, तीही याच कारणासाठी आठवड्यात एकदा येऊ द्या.

नानांना आधी सांगून ठेवा की पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील. जिभेला नव्या प्रमाणाची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात, पण होते. मधेच एखाद्या दिवशी खारट खाल्लं की घड्याळ पुन्हा मागे जातं. आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान जेवणं द्या. हृदय कमजोर असलं की पोटाकडेही रक्त साचतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. ‘ताट सारलं’ यामागे हेही असू शकतं, नुसतं मीठ नाही.

सगळं बरोबर चाललंय की नाही हे वजनकाटा सांगेल. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. एका दिवसात किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. पायावर अंगठा दाबून खड्डा राहतोय का बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उशा वाढवाव्या लागल्या, रात्री उठून बसावं लागलं तर वजनाची वाट बघू नका, लगेच दवाखाना.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम खूप गेला, जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर आली, तर मिठाचं लिंबूपाणी किंवा ओआरएस आपल्या मनाने सुरू करू नका. एक लिटर ओआरएसमध्ये १७०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. अशा वेळी लघवीच्या गोळीचं प्रमाण तात्पुरतं बदलावं लागू शकतं, आणि ते डॉक्टरच ठरवतील. केळीच्या बागेत नानांनी जायचं ते सकाळी नऊच्या आत.

लग्नाच्या दिवशी नानांना घरून अर्धं जेवण करून न्या. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असणार. बट्टीत मीठ आणि सोडा, वरणात मीठ, भाजीच्या रश्शात सगळ्यांत जास्त. एक बट्टी कुस्करून तुपासोबत, वरण थोडं, भाजीतल्या फोडी घ्यायच्या आणि रस्सा वाटीत सोडायचा, कारण मीठ रश्शात विरघळलेलं असतं. साखरेचा आजार नसेल तर गोड खाऊ द्या. पापड, लोणचं, मठ्ठा नाही. त्या दिवशी घरचा करंडा बंद आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं वजन चुकवायचं नाही.

राहिले पापड. किलोभर उडदाच्या पिठाला ५० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम पापडखार पडला आणि शंभर पापड झाले असं धरा. एका पापडात २८० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे पाऊण ग्रॅमजवळ मीठ. करंड्याचा पाचवा हिस्सा एका पापडात गेला. खार काढला तर उडदाचा पापड फुलत नाही, म्हणून त्याची बिनमिठाची आवृत्ती करण्यात वेळ घालवू नका. कुरडई मात्र खाराशिवायच फुलते आणि टिकते ती वाळल्यामुळे, मिठामुळे नाही. ज्वारीच्या बिबड्यांचंही तसंच. चीक हाटताना पाण्यात आधी मीठ टाकायची पद्धत असते, तो क्रम या वर्षी बदला. नानांच्या वाट्याचा पहिला घाणा बिनमिठाच्या पाण्यात हाटा, लसूण-जिरं वाटून घाला, कुरडया पाडा आणि मग बाकीच्यांचं मीठ घाला. या कुरडया चार दिवस कडक उन्हात, मोडल्यावर टक्क आवाज येईपर्यंत वाळवा. ओल राहिली तर याच आधी बुरसतील. वाळल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून डब्याच्या झाकणावर नाव लिहा आणि डबा सासूबाईंच्या ताब्यात, करंड्याशेजारी ठेवा.